५जीची धावपळ ओसरली. मग टॉवर सर्व्हेच्या नोकरीत आता काय उरलंय?

फोनच्या वरच्या पट्टीत ५जी दिसत असतं, पण आतल्या खोलीत गेलं की कॉल तुटतो. आपण लगेच सिम कंपनीच्या नावाने बोटं मोडतो. कधीकधी दोष कंपनीचाच असतो. पण जवळच्या टॉवरवरचा अँटेना कुठल्या दिशेला वळवलाय, किती झुकवलाय, त्याच्यासमोर नवी बारा मजली इमारत उभी राहिलीय का, या गोष्टी कुणीतरी जागेवर जाऊन बघाव्या लागतात. ज्याने बघायच्या, त्याला टेलिकॉममध्ये साइट सर्व्हे टेक्निशियन म्हणतात. सोसायटीचा वॉचमन त्याला नुसतं 'टॉवरवाला' म्हणतो.

गेल्या तीन-चार वर्षांत आयटीआय, डिप्लोमा किंवा इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेतलेली बरीच मुलं या कामात शिरली. आता ५जीची पहिली लाट ओसरलीय आणि नवी मुलं विचारतायत, की आत्ता यात जाण्यात काही अर्थ आहे का? माझं उत्तर आहे, हो, पण सर्व्हेच्या प्रत्येक कामात नाही. कुठल्या कामात आहे आणि कुठल्या कामात नाही, ते नीट बघू.

धावपळ नेमकी कशाची होती?

२०२२च्या जुलै-ऑगस्टमध्ये ५जी स्पेक्ट्रमचा लिलाव झाला. कंपन्यांनी मिळून सुमारे दीड लाख कोटी रुपयांच्या बोली लावल्या. १ ऑक्टोबर २०२२ला दिल्लीत ५जी सुरू झालं आणि जिओ आणि एअरटेल यांच्यात शर्यत लागली. २०२५ सुरू होईपर्यंत देशात साडेचार लाखांहून जास्त ५जी बीटीएस उभे राहिले होते. बीटीएस म्हणजे टॉवरवर बसणारं, तुमच्या फोनशी बोलणारं रेडिओ यंत्र.

यातली बहुतेक यंत्रं जुन्याच टॉवरवर बसली. शेतात किंवा गच्चीवर टॉवर आधीपासून होता, त्यावर नवा अँटेना चढवायचा होता. म्हणजे सर्व्हेवाल्याला ठरलेल्या पाच-सहा प्रश्नांची उत्तरं आणायची होती. खांबावर जागा आहे का? वाढलेलं वजन आणि वाऱ्याचा दाब टॉवर पेलेल का? वीज पुरेल का? बॅटरी किती जुनी आहे? काम सारखं, वेग प्रचंड. त्यामुळे पंधरा दिवसांच्या ट्रेनिंगवरही मुलं कामाला लागली.

त्यानंतर व्होडाफोन आयडियाने मार्च २०२५मध्ये मुंबईत ५जी सुरू केलं आणि २७ सप्टेंबर २०२५ला बीएसएनएलच्या देशी बनावटीच्या ४जी नेटवर्कचं उद्घाटन झालं. कामं अजून निघतायत, पण एका महिन्यात हजारो टॉवरवर तोच फॉर्म भरायचा, तो काळ मागे पडला. ज्याला फक्त तो फॉर्म भरता येतो, त्याच्यासाठी ही वाईट बातमी आहे.

सर्व्हेवाला जागेवर जाऊन करतो काय?

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, फोटो काढतो आणि जातो. खरं काम असं असतं.

आधी जागेचे अक्षांश-रेखांश घ्यायचे. दशांशचिन्हानंतर चार आकडे घेतले तर सुमारे ११ मीटरपर्यंतची अचूकता मिळते, पाच घेतले तर साधारण एक मीटर. तीनच आकड्यांवर थांबलात तर टॉवर नकाशावर शंभर मीटर सरकू शकतो, म्हणजे शेजारच्या गल्लीत जाऊ शकतो.

मग अँटेना जमिनीपासून किती उंचीवर बसणार ते मोजायचं. त्याची दिशा, म्हणजे अझिमथ, उत्तरेपासून अंशांत लिहायची. खाली झुकाव किती, म्हणजे टिल्ट, तो नोंदवायचा. चारही बाजूंचे ठरावीक अंशांवर फोटो काढायचे, म्हणजे ऑफिसात बसलेल्या प्लॅनरला आजूबाजूच्या इमारती, झाडं, डोंगर दिसतील. त्यानंतर वीज, अर्थिंग, बॅटरी, जनरेटर, केबल कुठून नेणार, साहित्य वर कसं चढवणार आणि रात्री दोन वाजता बिघाड झाला तर गेट कोण उघडणार, हेही लिहायचं. शेवटचा प्रश्न साधा वाटतो, पण गेट उघडलं नाही तर टॉवर सकाळपर्यंत बंद राहतो.

दोन टॉवर मायक्रोवेव्हने जोडायचे असतील तर एकावरून दुसरा दिसतो का ते बघावं लागतं. इथे नवखा माणूस हमखास फसतो, कारण नुसतं दिसणं पुरेसं नसतं. रेडिओ लहर दोरीसारखी सरळ जात नाही, मधे फुगलेल्या भोपळ्यासारखी जागा व्यापते. त्या जागेला फ्रेनेल झोन म्हणतात. दोन टॉवरमध्ये १० किलोमीटर अंतर असेल आणि लहर १५ गिगाहर्ट्झची असेल, तर बरोबर मध्यावर या झोनची त्रिज्या सुमारे ७ मीटर येते. त्यातली निदान ६० टक्के, म्हणजे चार मीटरच्या वर जागा मोकळी हवी. शिवाय पृथ्वीच्या गोलाईमुळे मध्यावर जमीन दीडेक मीटर वर आल्यासारखी धरावी लागते.

आता हा सर्व्हे मे महिन्यात केलाय असं धरा. वाटेतली झाडं बोडकी आहेत, समोरचा टॉवर लख्ख दिसतोय. सर्व्हेवाल्याने 'लाइन क्लिअर' लिहिलं आणि तो निघून गेला. जुलैमध्ये त्याच झाडांना पालवी फुटली, वरून पाऊस सुरू झाला आणि लिंक रडायला लागली. अनुभवी माणूस मे महिन्यातच लिहून ठेवतो, की अमुक अंतरावर झाडांची रांग आहे, इतकी उंच आहे, अजून वाढेल. सॅटेलाइट नकाशावर झाड दिसतं, पण ते वाढतं वय आहे की पूर्ण वाढलेलं, हे जागेवरचा माणूसच सांगतो.

एका अंशाची किंमत

मी टॉवरवर चढत नाही, सॉफ्टवेअर लिहितो. त्यामुळे या कामाकडे दुसऱ्या टोकाने, डेटाच्या बाजूने बघतो. प्लॅनिंगचं सॉफ्टवेअर कितीही भारी असो, त्याला दिलेला आकडा चुकला तर उत्तरही चुकतं.

अँटेना ३० मीटर उंचीवर आहे आणि ६ अंश झुकलाय असं धरू. त्याच्या मुख्य झोताचा मध्य सपाट जमिनीवर साधारण २८५ मीटरवर टेकतो. झुकाव ४ अंश असेल तर तोच मध्य ४३० मीटरच्या आसपास जातो. फक्त दोन अंशांचा फरक, पण अंतर दीडपट झालं. दिशेचंही तसंच. दिशा १० अंशांनी चुकली तर अर्ध्या किलोमीटरवर झोताचा मध्य जवळपास ८८ मीटर बाजूला सरकतो. ज्या चाळीसाठी अँटेना लावला, ती बाजूला राहते आणि सिग्नल पलीकडच्या मैदानावर पडतो.

दहा अंशांची चूक होणं अवघड नाही. गच्चीवर लोखंडी शिडी, सळया, पाण्याच्या टाकीचा सांगाडा असतो. त्याच्याजवळ उभं राहून मोबाइलचा कंपास उघडला की सुई भलतीकडेच वळते. चांगला सर्व्हेवाला लोखंडापासून लांब जातो, दोन जागांवरून वाचन घेतो आणि नकाशावरच्या एखाद्या ठळक खुणेशी, पाण्याच्या उंच टाकीशी किंवा देवळाच्या कळसाशी ते ताडून बघतो. याला महागडं यंत्र लागत नाही, दहा मिनिटं जास्त लागतात. अडचण अशी, की त्या दहा मिनिटांचे पैसे कुणी देत नाही.

पैसा कुठून कुठे जातो

टॉवर बहुधा सिम कंपनीचा नसतो. इंडस टॉवर्ससारखी टॉवर कंपनी जागा आणि सांगाडा सांभाळते. रेडिओ यंत्रं नोकिया, एरिक्सन, सॅमसंग अशा कंपन्यांकडून येतात. प्रत्यक्ष काम कॉन्ट्रॅक्टरकडे जातं, तो ते सब-कॉन्ट्रॅक्टरला देतो, तिथून ते कधी आणखी एक पायरी उतरतं. सर्वांत खालच्या पायरीवर मोटारसायकल आणि फोन घेऊन सर्व्हेवाला उभा असतो.

खालच्या पायऱ्यांवर बऱ्याच ठिकाणी पैसे 'पर साइट' मिळतात, म्हणजे जितके टॉवर तितकी रक्कम. आता हिशोब करा. पेट्रोल तुमचं, दिवस एकच. नीट काम केलं तर दोन साइट होतात, घाईत केलं तर पाच. ही पद्धत घाई करणाऱ्याला बक्षीस देते आणि मेहनत करणाऱ्याला दंड करते. मग गेटवरून फोटो काढायचे आणि आतली माहिती जुन्या रिपोर्टमधून उचलायची, अशा सवयी लागतात. मुलं मुळात कामचुकार नसतात, पण पैसे अशाने मिळत असतील तर काम तसंच होतं.

यावर कंपन्यांनी तांत्रिक उपाय काढले. फोटोवर लोकेशन आणि वेळ आपोआप उमटते, ॲपमध्ये टॉवरच्या हद्दीबाहेरून फॉर्मच भरता येत नाही. याने माणूस जागेवर गेला होता हे सिद्ध होतं. तिथे जाऊन त्याने कंपास नीट धरला होता का, हे ॲपला कळत नाही. आणि त्याची झळ शेवटी आतल्या खोलीत कॉल तुटणाऱ्या माणसालाच बसते.

ड्रोन आला, आता माणूस कशाला?

हा प्रश्न रास्त आहे. ड्रोन टॉवरभोवती घिरट्या घालून शेकडो फोटो काढतो, त्यातून संगणकावर टॉवरचं थ्रीडी मॉडेल तयार होतं. अँटेनाची उंची आणि दिशा त्यावरून मोजता येते. माणसाला दरवेळी वर चढावं लागत नाही, ही तर चांगलीच गोष्ट आहे.

पण ड्रोनला बॅटरी बँकेच्या खोलीचं कुलूप उघडता येत नाही. अर्थिंगची पट्टी गंजलीय का, गच्चीला तडे गेलेत का, जिन्यातून केबल जाईल का, सोसायटीचे सेक्रेटरी परवानगी देतील का, हे त्याला दिसत नाही. शिवाय ड्रोन नियम २०२१नुसार २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोन व्यावसायिक कामासाठी उडवायचा तर रिमोट पायलट सर्टिफिकेट लागतं. म्हणजे ड्रोनमुळे फोटो काढण्यापुरतं काम करणाऱ्याची गरज कमी होईल आणि ड्रोन उडवून त्यातला डेटा वाचणाऱ्याची वाढेल.

काम सरकलं कुठे?

माझ्या मते तीन ठिकाणी.

पहिलं, जमिनीखाली. ऑगस्ट २०२३मध्ये केंद्र सरकारने सुधारित भारतनेट कार्यक्रमाला मंजुरी दिली. खर्च सुमारे १ लाख ३९ हजार कोटी रुपये. ग्रामपंचायतींपर्यंत आणि मागणीनुसार गावांपर्यंत फायबर न्यायचं हे काम आहे. फायबर टाकण्याआधी त्याचा रस्ता चालून बघावा लागतो. कुठे नाला, कुठे पूल, कुठे रेल्वे, कुठे वनखात्याची हद्द, कुठे पाण्याची पाइपलाइन. खोदकामात दुसऱ्याची केबल तुटू नये म्हणून मार्च २०२३मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' हे सरकारी ॲप आलं. खोदकामाच्या परवानग्यांचे नवे राइट ऑफ वे नियम १ जानेवारी २०२५पासून लागू झाले. ज्याला रूट सर्व्हे, परवानगीची कागदपत्रं आणि नकाशा या तिन्ही गोष्टी येतात, त्याला इथे काम आहे.

दुसरं, इमारतींच्या आत. ५जीचा मोठा भार साडेतीन गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींवर आहे. जुन्या ९०० मेगाहर्ट्झच्या तुलनेत या लहरी भिंतीतून कमी शिरतात. त्यात मुंबई-पुण्यातल्या नव्या इमारतींच्या काचांवर धातूचा पातळ थर असतो, तो उष्णता अडवतो आणि सिग्नलही. ऑक्टोबर २०२४मध्ये ट्रायने इमारतींना डिजिटल कनेक्टिव्हिटीचं रेटिंग देण्याचे नियम आणले. फ्लॅट घेताना पार्किंग आणि पाण्याबरोबर नेटवर्कचे तारे बघायची सवय लोकांना लागली, तर बिल्डरला इमारतीच्या आत मजल्यामजल्यावर मोजणी करून घ्यावी लागेल. तिथे उन्हात चढायचं नसतं, पण प्लॅन वाचता यावा लागतो आणि प्रत्येक जिन्यात, लिफ्टमध्ये, बेसमेंटमध्ये मोजमाप घ्यावं लागतं.

तिसरं, डोंगरापलीकडे. जुलै २०२२मध्ये मंजूर झालेल्या ४जी सॅच्युरेशन योजनेत नेटवर्क न पोचलेली २४,६८० गावं धरली होती. अशा गावात टॉवरची जागा निवडणं हेच अवघड असतं. टेकडीवर टॉवर ठेवला तर सिग्नल लांब जातो, पण वीज आणि रस्ता नाही. गावात ठेवला तर वीज मिळते, पण पुढची वाडी डोंगराच्या सावलीत जाते. सह्याद्रीच्या खोऱ्यात राहणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. या निर्णयावर एका वाडीतून अँब्युलन्सला फोन लागणार की नाही, हे ठरतं.

शिरायचं असेल तर काय शिकायचं?

पहिल्या दिवसापासून आकडे वाचायला शिका. सुरुवात तुमच्याच फोनवरून करा. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन' आणि त्यात 'सिम स्टेटस' असतं, तिथे सिग्नलची ताकद डीबीएममध्ये दिसते. आकडा उणे असतो. उणे ८५ चांगला, उणे ११५ वाईट. फरक तीसचा दिसतो, पण ही मोजपट्टी दर दहाला दहापट बदलते. म्हणजे सिग्नल हजारपट कमी झालेला असतो. घरात खिडकीपाशी आणि बाथरूममध्ये हा आकडा बघा, भिंत काय करते ते एका मिनिटात कळेल.

पुढची पायरी म्हणजे क्यूजीआयएससारखं मोफत नकाशा सॉफ्टवेअर, गुगल अर्थवर उंचीचा आलेख काढणं आणि एक्सेल. फायबरकडे जायचं असेल तर स्प्लायसिंग आणि ओटीडीआर नावाचं केबलमधला दोष शोधणारं यंत्र शिका. टेलिकॉम सेक्टर स्किल कौन्सिलचे फायबर टेक्निशियनसाठी कोर्स आहेत. रेडिओकडे जायचं असेल तर ड्राइव्ह टेस्ट, तिथून ऑप्टिमायझेशन, मग प्लॅनिंग, अशी वर जायची वाट आहे. सर्व्हेमध्ये दोन-तीन वर्षं घालवून या वाटेला लागलेला मुलगा ऑफिसात थेट बसलेल्या इंजिनिअरपेक्षा उजवा ठरू शकतो, कारण त्याने ती गच्ची बघितलेली असते.

आणि लोकांशी बोलायला शिका. टॉवर म्हटलं की सोसायटीत रेडिएशनचा विषय निघतोच. भारताने १ सप्टेंबर २०१२पासून मोबाइल टॉवरच्या किरणोत्सर्गाची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश केली आहे, आणि सरकारच्या तरंग संचार पोर्टलवर आपल्या भागातल्या टॉवरची माहिती बघता येते. हे शांतपणे सांगता आलं तर निम्मं काम होतं. मात्र चालू अँटेनाच्या अगदी समोर, हातभर अंतरावर तुम्ही स्वतः उभं राहू नका. रस्त्यावरच्या माणसासाठीची मर्यादा तिथे लागू पडत नाही.

ऑफर आली, आता काय विचारायचं?

पगार महिन्याचा की पर साइट? पेट्रोल कोण देणार? प्रॉव्हिडंट फंडाचं खातं निघणार का? पगार २१ हजारांपर्यंत असेल तर ईएसआयसी आहे का? उंचीवरच्या कामाचं ट्रेनिंग आणि फुल बॉडी हार्नेस कंपनी देणार की 'बघू' म्हणणार? अपघात विमा कुणाच्या नावाने, किती रकमेचा?

२१ नोव्हेंबर २०२५पासून चार नव्या श्रम संहिता लागू झाल्यात आणि त्यांत प्रत्येक कामगाराला लेखी नियुक्तीपत्र देण्याची तरतूद आहे. ते मागायला लाजू नका. तीन पायऱ्या खाली काम करताना अपघात झाला, तर तुम्ही नेमके कुणाचे कामगार होता हे सिद्ध करायला तोच कागद हाताशी असतो. आणि हार्नेस नसेल तर वर चढायचं नाही. साइट उद्याही होईल. 'पटकन वर जाऊन ये' म्हणणारा सुपरवायझर तुमच्या घरी निरोप द्यायला जातो, पुढचा खर्च तो करत नाही.

मग जायचं की नाही?

पर साइट पैसे, ना पत्र ना विमा, आणि तोच फॉर्म रोज, अशी नोकरी असेल तर नको. ते काम ड्रोन आणि ॲप मिळून लवकरच खातील. पण महिन्याचा पगार आहे, सुरक्षेचं साहित्य आहे आणि फायबरचा रूट, इमारतीच्या आतली मोजणी किंवा ड्राइव्ह टेस्ट यातलं काही शिकायला मिळतंय, तर जरूर जा. तीन वर्षं द्या, स्वतःच्या प्रत्येक रिपोर्टची एक नोंदवही ठेवा, आणि सहा महिन्यांनी त्या टॉवरचा सिग्नल प्रत्यक्षात कसा निघाला ते तपासा. ही सवय असलेला माणूस कुठल्याही टीमला हवा असतो.

ज्यांना या नोकरीत जायचं नाही, त्यांच्यासाठीही एक काम आहे. गच्चीवर सर्व्हेसाठी कुणी आलं तर ओळखपत्र बघा, आणि मग दहा मिनिटं घाई करू नका. त्याला टाकीपासून लांब जाऊन कंपास धरू द्या. तुमच्या आतल्या खोलीतला सिग्नल त्याच वहीत लिहिला जात असतो.